रेसिपी कुणीही देईल, टाकी धुवायला कोण येणार?

अमेरिकेत ओरेगनमधल्या पोर्टलंडच्या एखाद्या छोट्या ब्रुअरीत जाऊन ‘तुमच्या आयपीएची रेसिपी काय?’ (आयपीए म्हणजे भरपूर हॉप्सची कडसर बिअर) असं विचारलंत, तर बहुतेक वेळा ब्रुअर ती सांगून टाकतो. माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य, बहुधा बार्ली) कुठला आणि किती टक्के, हॉप्स (कडूपणा आणि वास देणारी फुलं) कधी पडतात, यीस्ट कुठलं, सगळं. घरी बिअर बनवणाऱ्यांना या उदारपणाचं फार अप्रूप वाटतं. मग ते घरी येऊन तंतोतंत तेच करतात आणि बिअर तशी लागत नाही. यात ब्रुअरने काही लपवलेलं नसतं. रेसिपी हा या धंद्यातला सगळ्यात स्वस्त भाग आहे, म्हणूनच तो फुकट मिळतो.

मी इथल्याच एका पंधरा बॅरलच्या ब्रुअरीत सेलरमध्ये, म्हणजे बिअर आंबते त्या टाक्यांच्या विभागात, काम करते. अमेरिकन बॅरल म्हणजे सुमारे ११७ लिटर, तेव्हा आमचा एक घाणा साधारण पावणेदोन हजार लिटरचा. कोल्हापूरला मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. केलं, लग्नानंतर एच-४ वर (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) इथे आले, ईएडी (कामाचा परवाना) हातात पडल्यावर लॅबच्या नोकऱ्या शोधता शोधता इथे लागले. सासूबाईंना अजून ‘फूड कंपनीत क्वालिटीचं काम’ एवढंच माहीत आहे, आणि ते खोटंही नाही.

पुढे जाण्याआधी कायद्याचं. महाराष्ट्रात घरी बिअर गाळणं, अगदी स्वतःपुरती का असेना, १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय चालत नाही. अमेरिकेत जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये सही केलेल्या कायद्यामुळे घरगुती बिअर करमुक्त झाली. मर्यादा एका प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन, घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २००. विकायची मात्र नाही. त्यामुळे खालचे घरगुती सल्ले परदेशातल्या मंडळींसाठी. पुण्या-मुंबईत ज्यांना यात शिरायचंय, त्यांनी सरळ मायक्रोब्रुअरीत नोकरी बघावी. पुण्यात २००९ मध्ये डूलाली सुरू झाली आणि नंतर बऱ्याच आल्या, तेव्हा दार बंद नाही.

आता काम. नव्या माणसाच्या हातात पहिल्या दिवशी पडतात ते रबरी बूट, गॉगल आणि होज. बिअर बनवायला मिळेल या आशेने आलेले निम्मे उमेदवार इथेच हिरमुसतात. टाकी रिकामी झाली की आधी साध्या पाण्याने खळखळून धुवायची, मग साधारण २ टक्के कॉस्टिक सोडा ७० अंशांच्या आसपास गरम करून वरच्या स्प्रे बॉलमधून फिरवायचा, पुन्हा पाणी, मग बिअर स्टोन म्हणजे कॅल्शियम ऑक्झलेटचा पांढरा थर काढायला ॲसिड, आणि टाकी भरण्याच्या आधी पेरासेटिक ॲसिड. ऐकायला सरळ आहे. पण आंबवण झालेल्या टाकीत कार्बन डायऑक्साइड शिल्लक असतो, आणि कॉस्टिक तो गपकन शोषून घेतं. आत निर्वात पोकळी तयार होते आणि वरची झडप बंद राहिली असेल तर स्टेनलेस स्टीलची टाकी आत चेपते. गरम कॉस्टिकनंतर लगेच थंड पाणी मारलं तरी आतली वाफ आकसून तोच प्रकार होतो. म्हणून टाकी आधी हवेशीर करायची, वरचं दार उघडं ठेवायचं, मग पंप सुरू. आणि त्या दारातून डोकं आत घालायचं नाही, कधीच नाही. आत प्राणवायू किती उरलाय ते दिसत नाही.

घरी कॉस्टिकच्या वाटेला जाऊ नका, गरज नाही. पण धुणं वेगळं आणि निर्जंतुक करणं वेगळं, हे मात्र ब्रुअरीकडून उचला. मळ तसाच ठेवून वरून स्टार सॅन (जंतू मारणारं आम्लाचं द्रावण) फवारून काही होत नाही, कारण मळाखालचे जंतू सुखरूप असतात. आधी पीबीडब्ल्यूसारख्या परकार्बोनेटच्या पावडरीत कोमट पाण्यात भिजत घाला, धुवा, आणि मग स्टार सॅन, १९ लिटर पाण्याला ३० मिलिलिटर. फेस राहिला तर राहू द्या. बिअर आंबवायच्या बादलीच्या तळाशी जो नळ असतो तो प्रत्येक वेळी खोलून साफ करा. घरच्या आंबट बिअरींचा उगम बऱ्याचदा त्या नळाच्या आट्यांमध्ये सापडतो. आतून ओरखडे पडलेली प्लास्टिकची बादली सरळ बागेत द्या.

पाण्याबद्दल थोडक्यात. पोर्टलंडचं पाणी बुल रनच्या पाणलोटातून येतं, अतिशय मृदू, त्यामुळे जिप्सम आणि कॅल्शियम क्लोराइड घालून हवं तसं वळवता येतं. पण नळाच्या पाण्यात क्लोरामाइन असतं आणि ते उकळून सहज जात नाही. त्यातून बिअरला जखमेच्या पट्टीसारखा औषधी वास येतो. क्लोरामाइन घालवायला कॅम्पडेनची (मेटाबायसल्फाइटची) अर्धी गोळी २०-२५ लिटरला पुरून उरते. काही सेंटची गोष्ट आहे, टाळू नका.

माल्ट भिजवणं, ज्याला मॅश म्हणतात, त्यावर घरगुती मंडळी तासन्‌तास वाद घालतात. ६५ अंशांना केलं तर बिअर कोरडी होते, ६८ ला जरा भरीव. एवढं समजलं की पुरे. दळण प्रत्येक वेळी सारखं असू द्या. गाळून आलेला गोड रस, म्हणजे वर्ट, उकळायला ठेवला की पुढे मात्र एक गंमत आहे, आणि ब्रुअरीची रेसिपी घरी का फसते याचं एक खरं कारण तिथे आहे. उकळ संपल्यावर आमच्याकडे वर्ट व्हर्लपूलमध्ये गोल फिरतो, गाळ मधे बसतो, मग तो प्लेटच्या हीट एक्स्चेंजरमधून थंड होत टाकीत जातो. या सगळ्यात पाऊण तास ते तास सहज जातो आणि तेवढा वेळ बराचसा वर्ट नव्वदीच्या वर असतो. म्हणजे ‘गॅस बंद केल्यावर’ टाकलेले हॉप्ससुद्धा कडूपणा देत राहतात. घरी तांब्याची कॉइल बुडवली की पंधरा मिनिटांत काम तमाम. तेच हॉप्स, तेवढेच ग्रॅम, कडूपणा मात्र कमी. उपाय सोपा आहे. गॅस बंद केल्यावर झाकण ठेवून वीस मिनिटं थांबा, मग थंड करा.

आता यीस्ट. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते घरगुती आणि व्यावसायिक बिअरमधला सगळ्यात मोठा फरक याच ठिकाणी पडतो.

विरजण कमी पडलं किंवा दूध फार गरम असलं तर दह्याचं काय होतं, हे आपल्या घरात कुणाला शिकवावं लागत नाही. यीस्टचंही तसंच, फक्त ब्रुअरीत ते मोजून घालतात. आदल्या टाकीच्या तळातून काढलेलं यीस्ट पातळ करून हिमोसायटोमीटरच्या काचेवर घ्यायचं, मिथिलीन ब्लू टाकायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली चौकोनात पेशी मोजायच्या. मेलेल्या निळ्या होतात, जिवंत रंगहीन राहतात. एल (जरा उबेत आंबणारी बिअर) असेल तर वर्टच्या दर मिलिलिटरला, दर अंश प्लेटोमागे सुमारे साडेसात लाख जिवंत पेशी हव्यात, लागर (थंडीत आंबणारी) असेल तर दुप्पट. प्लेटो म्हणजे वर्टमधल्या साखरेचं माप. बारा प्लेटोच्या वीस लिटर एलसाठी हिशेब १८० अब्ज पेशींवर जातो. घरी सूक्ष्मदर्शक लागत नाही. ताजं, थंड जागी ठेवलेलं सुक्या यीस्टचं ११.५ ग्रॅमचं एक पाकीट नेहमीच्या एलला पुरतं, लागरला दोन घाला. द्रव यीस्टची जुनी कुपी आणून तशीच ओतणं हा मात्र निव्वळ जुगार.

पुढे तापमान. यीस्ट कामाला लागलं की स्वतःच उष्णता सोडतं. खोली १८ अंशांवर असली तरी बादलीच्या पोटात तीन-चार अंश जास्त असू शकतात, आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत हे झालं की केळ्याचे, सॉल्व्हंटचे वास येतात, डोकं धरतं. आमच्या टाक्यांना ग्लायकॉलचं थंड जॅकेट असतं. तुम्ही जुना फ्रिज आणि तापमान नियंत्रक घ्या, आणि त्याचा सेन्सर हवेत लोंबकळत न ठेवता बादलीला चिकटवून वर फोमचा तुकडा लावा. चकाचक स्टीलच्या भांड्यावर पैसे घालवण्याआधी हे करा. मंडळी नेमकं उलट करतात.

पहिला जोर ओसरला की तापमान उलट वाढू द्यायचं असतं, कारण यीस्टला मागचं आवरायला वेळ लागतो. यातलं मुख्य म्हणजे डायॲसिटिल, सिनेमागृहातल्या बटर पॉपकॉर्नचा वास. त्याचा पूर्वपदार्थ बिनवासाचा असतो, त्यामुळे आज चव घेतली तर बिअर स्वच्छ लागते आणि बाटलीत तीन आठवड्यांनी लोणी उगवतं. यासाठी आमच्याकडे एक चाचणी आहे, ती घरच्या स्वयंपाकघरात जशीच्या तशी होते. दोन झाकणाच्या बरण्यांत थोडी थोडी बिअर घ्या. एक फ्रिजमध्ये ठेवा. दुसरी ६० ते ६५ अंशांच्या पाण्यात अर्धा तास बसवा, मग गार पाण्यात धरून पहिलीइतकी थंड करा. आता दोन्हींची झाकणं उघडून वास घ्या. मी घरच्या माणसाला बरण्यांची अदलाबदल करायला सांगते, म्हणजे मन आधीच कौल देत नाही. दोन्ही स्वच्छ असतील तर बिअर तयार आहे, थंड करा. तापवलेलीला लोण्याचा वास आणि थंड ठेवलेलीला नाही, तर अजून दोन-तीन दिवस २० अंशांवर राहू द्या आणि पुन्हा करा. दोन्हींना वास असेल तरीही आधी थांबा. आठवडाभरानेही गेला नाही, तर यीस्ट थकलंय किंवा कुणीतरी आगंतुक आत शिरलंय.

कोरड्या हॉपिंगनंतर, म्हणजे आंबलेल्या थंड बिअरमध्ये न उकळता हॉप्स टाकल्यावर, ही चाचणी पुन्हा करावी लागते, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. हॉप्समध्ये स्वतःची थोडी एन्झाइम्स असतात. ती उरलेल्या न आंबणाऱ्या साखरा तोडतात, यीस्ट परत जागं होतं, डायॲसिटिल परत येतं, आणि घाईत बाटल्या भरल्या असतील तर त्या फुटतातही. याला हॉप क्रीप म्हणतात. हॉप्सच्या या गुणाची नोंद १८९३ मध्येच झाली होती. मधे विसर पडला, आणि भरमसाट हॉप्सच्या आयपीए आल्यावर कॉर्व्हॅलिसच्या ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीत त्यावर नव्याने काम झालं. घरी एवढंच करा की हॉप्स टाकल्यावरही हायड्रोमीटरचं (द्रवाची घनता मोजणाऱ्या काचेच्या नळीचं) माप तीन दिवस हलत नाही ना ते पाहा, मगच बाटल्या.

बाटल्या भरतानाचा शत्रू प्राणवायू. वर्टला यीस्ट घालताना तो लागतो, त्यानंतर थेंबभरही नको. कॅनमधला प्राणवायू आम्ही अब्जांशात मोजतो आणि पन्नासच्या वर गेला की मशीन थांबतं. घरी इतकं जमणार नाही, पण नळी बाटलीच्या तळापर्यंत घाला, बिअर खळखळू देऊ नका. साखर लिटरला सहा ग्रॅमच्या आसपास, वजन करून. चमच्याने मोजू नका. ढगाळ आयपीए महिनाभरात तपकिरी आणि गोडसर होते ती प्राणवायूमुळे. तसल्या बिअरी बाटलीत भरायच्याच असतील तर लवकर संपवा, किंवा केग (दाबाखाली बिअर ठेवायचं स्टीलचं पिंप) घ्या.

ब्रुअरीची प्रत्येक गोष्ट उचलू नका, हेही सांगते. आम्हाला टाकी रिकामी करायची घाई असते, कारण टाकी म्हणजे भाडं. सेंट्रिफ्यूज, फिल्टर हे त्या घाईसाठी. तुमच्याकडे आठवडा जास्त आहे, तो वापरा. पण एक गोष्ट जरूर घ्या. आम्ही तीच बिअर पुन्हा पुन्हा करतो. घरगुती मंडळी दर वेळी नवी रेसिपी करतात. आज आंबा, उद्या कॉफी, परवा मसाला. मग काय बदलल्यामुळे काय झालं, हे कळायला मार्गच उरत नाही. एक साधी पेल एल निवडा, तीच करत राहा, दर वेळी एकच गोष्ट बदला, आणि रोजचं तापमान, ग्रॅव्हिटी (हायड्रोमीटरचं माप) वहीत लिहा.

नोकरीचं म्हणाल तर २५ किलोची पोती उचलता येतात का, ओल्या जमिनीवर आठ-दहा तास उभं राहता येतं का, हे पहिल्याच मुलाखतीत विचारतात. पगार आयटीवाल्या नवऱ्याशी तुलना करण्यासारखा नाही. सेलरच्या कामासाठी कुणी व्हिसा प्रायोजित करेल ही आशा धरू नका. ईएडी किंवा ग्रीन कार्ड असेल तरच हा रस्ता. शिकायचं असेल तर ओरेगन स्टेट आणि यूसी डेव्हिसला फर्मेंटेशनचं शिक्षण आहे, मूळची शिकागोची सीबेल इन्स्टिट्यूट आहे, एडिंबराला हेरियट-वॉट युनिव्हर्सिटी, आणि लंडनच्या आयबीडीच्या (इन्स्टिट्यूट ऑफ ब्रुइंग अँड डिस्टिलिंगच्या) परीक्षा भारतात बसूनही अभ्यासता येतात. मायक्रोबायॉलॉजी, केमिकल किंवा फूड टेक झालेल्यांना प्रयोगशाळेच्या बाजूने शिरणं सोपं जातं. यीस्ट मोजता येतं म्हटलं की छोट्या ब्रुअरीत मालकाचे कान टवकारतात.

आणि इथे असाल तर गावातल्या होमब्रू क्लबात जा. पोर्टलंडचा ओरेगन ब्रू क्रू १९७९ पासून चालू आहे. विडमर ब्रदर्स ब्रुअरीने १९९८ मध्ये त्यांच्याशी मिळून सदस्यांच्या बिअरी मोठ्या टाकीत बनवायला सुरुवात केली होती. क्लबात तुमची बिअर चार अनोळखी लोक पितात आणि तोंडावर सांगतात की हिला लोण्याचा वास येतोय. घरचे लोक हे कधीच सांगत नाहीत. जाताना दोन बाटल्या न्या, एक ताजी आणि त्याच घाण्यातली एक महिनाभर बाहेर ठेवलेली.