पिकअपच्या हौद्याला घडीचं कडक झाकण: पत्रा नंतर बघा, आधी कडा बघा

मिशिगनमधला सप्टेंबर. गणपतीचं मखर माझ्या फोर्ड एफ-150 पिकअपच्या हौद्यात, वर नवं कोरं झाकण, आणि उत्सवासाठी भाड्यानं घेतलेलं शाळेचं सभागृह अर्ध्या तासावर. वाटेत पावसानं झोडपलं. पोचल्यावर झाकण उघडलं, तर मखराचा मधला भाग खडखडीत कोरडा आणि केबिनकडच्या दोन कोपऱ्यांत पुठ्ठ्याचा लगदा. पत्र्यातून थेंबही आत आला नव्हता. सगळं पाणी कडेनं शिरलं होतं.

त्यानंतर तीन-चार मित्रांना झाकण निवडायला मदत केली. तेव्हापासून माझं सांगणं एकच असतं: ही झाकणं मधे क्वचित फसतात, कडेला फसतात. पुढच्या पायऱ्या हेच ध्यानात ठेवून लिहिल्या आहेत.

आधी शब्दांचं. गावाकडे ट्रकच्या मागच्या भागाला हौदा म्हणतात आणि त्याच्या दाराला फाळका. मीही तेच म्हणतो. दुकानात मात्र बेड, टेलगेट आणि 'टोनो कव्हर' म्हणावं लागतं. आपल्याला हवं ते 'हार्ड फोल्डिंग': तीन किंवा चार कडक फळ्या, मधे बिजागऱ्या, घडी केबिनच्या दिशेनं.

पायरी 1: हौदा टेपनं मोजा

'साडेपाच फुटी हौदा' ही नुसती बोलायची भाषा झाली. फोर्ड एफ-150 चा साडेपाच फुटी हौदा आतून 67.1 इंच असतो, रॅम 1500 चा छोटा हौदा 67.4 इंच आणि शेव्हरले सिल्व्हरॅडोचा 69.9 इंच. पाव इंचाच्या फरकानंही कडेची रबरी पट्टी, म्हणजे सील, नीट बसत नाही, म्हणून एकाचं झाकण दुसऱ्याला चालत नाही. फाळका बंद करा, केबिनकडच्या भिंतीच्या आतल्या बाजूपासून फाळक्याच्या आतल्या बाजूपर्यंत कडेच्या वरच्या पातळीवर टेप धरा आणि आकडा लिहून ठेवा.

त्याच कागदावर आणखी चार गोष्टी लिहा: गाडीचं मॉडेल वर्ष, कडेच्या आतल्या बाजूला सामान बांधायची रेल आहे का (टोयोटामध्ये बहुधा असते), रॅमबॉक्ससारखे कडेचे पेटारे आहेत का, आणि हौद्यात प्लास्टिकचं अस्तर टाकलेलं आहे का. यातली प्रत्येक गोष्ट झाकणाचा पार्ट नंबर बदलू शकते. फवारलेलं अस्तर असेल तर चिंता नाही. कडेवर वळून येणारं प्लास्टिकचं अस्तर मात्र झाकण कडेला आवळून धरणाऱ्या क्लॅम्पच्या मधे येतं, आणि तिथे ते कापावं लागतं. माझ्या मखराचा घात तिथेच झाला. अस्तर न कापता बसवल्यामुळे झाकण अर्धा इंच मागे सरकलेलं होतं.

महाराष्ट्रात टोयोटा हायलक्स किंवा इसुझू व्ही-क्रॉस ही पिकअप चालवणाऱ्यांसाठी एक सूचना. या दोन्ही गाड्या अमेरिकेत विकल्या जात नाहीत, त्यामुळे इथल्या नातेवाइकाला 'येताना एक झाकण आण' असं सांगू नका. अमेरिकेत मिळणाऱ्या टोयोटा टॅकोमा पिकअपचं झाकण हायलक्सला बसत नाही. थायलंड किंवा ऑस्ट्रेलियाच्या बाजारातलं बघा, आणि तेही हौद्याचं माप ताडूनच घ्या.

पायरी 2: वर्षभरात काय वाहता, ते आठवा

झाकण लागलं की हौद्याची उंची ठरून जाते. एफ-150 मध्ये ती 21.4 इंच, त्यातून झाकणाची चौकट थोडी खाते. आमच्या पथकाचे 24 इंची ढोल झाकणाखाली जात नाहीत. ताशे, झांजा, ध्वजाच्या काठ्या आरामात जातात. फ्रिज, सायकल, बागेसाठी मातीची रास, यांतलं काय किती वेळा न्यावं लागतं? महिन्यातून चारदा उंच सामान नेत असाल, तर घडीचं झाकण योग्य. वर्षातून एकदाच नेत असाल, तर त्या दिवसापुरतं सगळं झाकण उतरवून गराजमध्ये ठेवलं तरी चालतं, आणि निवड खूप सोपी होते. वजन साधारण 50 ते 75 पौंड भरतं. एकट्यानं उचलण्याच्या भानगडीत पडू नका, फळी कडेवर आपटून रंग जातो.

पायरी 3: उघडतं किती आणि उघडून गाडी चालते का

जाहिरातीत झाकण उघडं असतं आणि गाडी उभी असते. तुम्ही दुकानदाराला चालत्या गाडीबद्दल विचारा.

काही झाकणांची घडी हौद्यावरच आडवी पडते, केबिनकडचा साधारण तिसरा भाग झाकलेलाच राहतो. अशी घडी पट्ट्यानं बांधून गाडी चालवता येते. काहींच्या फळ्या केबिनच्या काचेला टेकून उभ्या राहतात आणि पूर्ण हौदा मोकळा होतो. बॅकफ्लिप एमएक्स4 या जातीचं. ऐकायला हे छानच वाटतं, पण उभ्या फळ्यांमुळे मागची काच झाकली जाते आणि केबिनच्या वरचा तिसरा ब्रेकचा दिवाही झाकला जाऊ शकतो. अमेरिकेत 1994 च्या मॉडेलपासून हलक्या ट्रकांना तो दिवा सक्तीचा आहे. आधार देणाऱ्या दांड्या न लावता फळ्या तशाच ठेवून हायवेला गेलात, तर वारा बिजागऱ्यांचा हिशोब करतो. मी स्वतः आडव्या घडीचं घेतलं. पुढचे दोन फूट अडतात, पण तिथे मी नाहीतरी दोरखंड आणि जंपर केबलच ठेवतो.

पायरी 4: फळी कशाची?

इथे फार वेळ घालवू नका. आत फोम आणि बाहेर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा, नाहीतर फायबरग्लासचं संमिश्र. अ‍ॅल्युमिनियमला पोचा येतो, गुळगुळीत फायबरग्लासवर ओरखडे उठून दिसतात. मॅट काळा रंग बहुतेक पापं झाकतो. साधारण 700 ते 1300 डॉलरच्या पट्ट्यात चांगली झाकणं मिळतात. मायलेज वाढेल या आशेवर त्यातला एक डॉलरही खर्च करू नका.

पायरी 5: आता कडा

दुकानात नमुना लावलेला असेल तर फळीवर टकटक करणं सोडा आणि गुडघ्यावर बसा.

पहिली जागा केबिनकडची. झाकणाचं पुढचं सील हौद्याच्या भिंतीवर सलग दाबलेलं आहे का, आणि दोन्ही कोपऱ्यांत फट आहे का, ते बोट फिरवून बघा. दुसरी जागा फाळक्याकडची. शेवटच्या फळीची रबरी कड फाळक्याच्या वरच्या कडेवर टेकली पाहिजे. बहुतेक झाकणांबरोबर फाळक्याच्या बाजूंच्या आणि खालच्या फटीचं सील येत नाही, ते वेगळं घ्यावं लागतं. ते 30-40 डॉलर वाचवू नका, कारण मागच्या चाकांनी उडवलेलं पाणी आणि धूळ तिथूनच आत येते.

तिसरी जागा बिजागरी. दोन फळ्यांमधला सांधा कापडी-विनाइलचा असेल, तर ऊन आणि थंडी त्याला आधी खाते. अ‍ॅल्युमिनियमची बिजागरी आणि खाली रबर असेल तर जास्त टिकतो. काही झाकणांत सांध्याखाली पन्हळ असते. तिच्यातलं पाणी झाकणाच्या बाजूच्या रेलमध्ये (कडेवर बसवायच्या पट्टीत) पडतं आणि कोपऱ्यातल्या नळीवाटे हौद्याबाहेर जातं. ही नळी कुठे सोडायची हे बसवणाऱ्याला विचारा. ती हौद्यातच लोंबकळत ठेवलेली मी दोनदा पाहिली आहे!

एवढं करूनही झाकण पूर्ण जलरोधक होत नाही. हौदाच मुळात पाणबंद बनवलेला नसतो. पुठ्ठ्याचं मखर न्यायचं असेल तर खाली प्लास्टिकचा कागद घाला.

पायरी 6: कुलूप

घडीच्या बहुतेक झाकणांना स्वतःचं कुलूप नसतं. फाळका उघडल्यावर हात लागेल अशा जागी त्यांची खिट्टी किंवा ओढायची तार असते. म्हणजे फाळक्याचं कुलूप तेच झाकणाचं कुलूप. रिमोटचं बटण दाबल्यावर तुमचा फाळका खरंच लॉक होतो का, ते एकदा हातानं ओढून बघा. गाडीच्या कमी किमतीच्या आवृत्तीत (ट्रिममध्ये) किल्ली फिरवावी लागते, आणि कित्येकजण ती वर्षानुवर्षं फिरवतच नाहीत.

पायरी 7: बर्फाचं गणित

शिकागो, डेट्रॉइट, टोरोंटोकडच्यांसाठी. झाकण 400 पौंड पेलेल असं लिहिलेलं असतं, पण ते वजन सगळीकडे सारखं पसरलेलं धरून. साडेपाच फुटी हौद्यावर ते चौरस फुटाला साधारण 15 पौंड पडतं. ओला जड बर्फ घनफुटाला 20 पौंड धरला, तर नऊ इंच थर झाला की मर्यादा आली. रात्रभर पडलेलं सकाळी मऊ ब्रशनं ढकला, लोखंडी फावडं लावू नका. वर उभं राहून छपरावरचं सामान काढायचा मोह टाळा, तुमचं वजन दोन पावलांवर पडतं. नोव्हेंबरात सीलना सिलिकॉनचा हात फिरवा, म्हणजे ती गोठून चिकटत नाहीत. पेट्रोलियमचं ग्रीस लावलंत तर रबर फुगून खराब होतं.

पायरी 8: बसवणं

दोन माणसं, एक पाना आणि साधारण तास-दीड तास. भोकं पाडायची गरज बहुधा नसते. आधी हौद्याच्या कडा धुऊन पुसा. झाकणाला वेगळ्या रेल असतील तर दोन्ही बाजूंच्या रेल केबिनच्या भिंतीला नीट भिडवा आणि क्लॅम्प हलकेच आवळा. झाकण ठेवा, बंद करा, फाळका लावा. सगळ्या बाजूंनी फट सारखी दिसली की मगच क्लॅम्प माहितीपत्रकात दिलेल्या जोरानं आवळा. जास्त जोर लावला तर अ‍ॅल्युमिनियमची रेल वाकते.

मग हौद्यात जुनी वर्तमानपत्रं अंथरा, झाकण लावा आणि बागेच्या नळीनं दहा मिनिटं पाणी मारा. प्रेशर वॉशर नको, तो कुठल्याही सीलमधून पाणी घुसवतो. उघडा. कागद जिथे ओला, तिथली कड पुन्हा बसवा. आठवडाभर गाडी चालवल्यावर क्लॅम्प एकदा तपासा. पहिल्या काही दिवसांत रबर दबतं आणि क्लॅम्प सैल पडतात.