मूरिश आयडॉल ओळखताना या चुका टाळा

प्रवाळभित्तीवर टिपलेल्या छायाचित्राखाली ‘मूरिश आयडॉल’ असे लिहिलेले असते आणि चित्रातला मासा मात्र बॅनरफिश निघतो. ही गफलत नेहमीची आहे, आणि ती का होते हे समजण्यासारखेही आहे, कारण दोन्ही मासे ताटलीसारखे चपटे आहेत, दोघांच्या अंगावर काळे, पांढरे आणि पिवळे रंग आहेत आणि दोघांच्याही पाठीवरून लांब पांढरी फीत मागे लहरत असते.

पहिली चूक या फितीनेच होते. नजर आधी तिच्यावर जाते आणि तिथेच निर्णय होतो. फीत बाजूला ठेवून शेपूट पाहावी. मूरिश आयडॉलची शेपूट काळी असून तिच्या कडेला पांढरी किनार असते, तर बॅनरफिशची शेपूट पिवळी असते. खोल पाण्यात फ्लॅशशिवाय काढलेल्या निळसर चित्रात पिवळा रंग मळकट दिसतो आणि शेपटीबद्दलही शंका उरते. अशा वेळी तोंड पाहावे. मूरिश आयडॉलचे तोंड नळीसारखे पुढे आलेले असते आणि त्यावर खोगीर ठेवावे तसा काळ्या कडेचा पिवळा-नारिंगी डाग असतो. बॅनरफिशचे तोंड आखूड असून त्यावर असे खोगीर नसते. चित्र कितीही धूसर असले तरी तोंडाची बाह्यरेषा सहसा शाबूत राहते, म्हणून माझ्या मते हीच खूण सर्वांत भरवशाची आहे.

दुसरी चूक वर्गीकरणाची आहे. मूरिश आयडॉल हा बटरफ्लायफिशचाच, म्हणजे चपट्या, रंगीत प्रवाळमाशांच्या एका कुलाचाच, एक प्रकार आहे असे अनेक जण धरून चालतात. खुद्द स्वीडिश वर्गीकरणशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये त्याला बटरफ्लायफिशच्या ‘कीटोडॉन’ या प्रजातीत (जीनसमध्ये) बसवले होते, तेव्हा हा गैरसमज जुनाच म्हणायचा. आज झँक्लिडी या कुलातील ही एकमेव हयात जाती मानली जाते आणि तिचे जवळचे नाते सर्जनफिशशी आहे. मात्र सर्जनफिशच्या शेपटीच्या मुळाशी असणारा धारदार काटा हिला नसतो. तिचे शास्त्रीय नाव झँक्लस कॉर्न्यूटस. त्यातील पहिल्या शब्दाचे मूळ विळ्यासाठी असलेल्या ग्रीक शब्दात आहे आणि दुसऱ्याचा अर्थ ‘शिंगे असलेला’ असा आहे. प्रौढ माशाच्या डोळ्यांपुढे खरोखरच शिंगांसारखे लहान उंचवटे असतात. पिल्लाला ते नसतात, उलट त्याच्या तोंडाच्या कोपऱ्याशी काटा असतो. या फरकामुळे पिल्लू ही वेगळीच जाती असल्याचे पूर्वी मानले गेले होते.

पिल्लांच्या बाबतीत आणखी एक फसगत होते. भित्तीवर दोन-तीन सेंटिमीटरांचा पट्टेरी, फीतधारी मासा दिसला की त्याला आयडॉलचे पिल्लू म्हटले जाते. परंतु आयडॉलची अळी (अंड्यातून निघालेली बाल्यावस्था) दीर्घकाळ खुल्या समुद्रात वाहत राहते आणि सहा सेंटिमीटरांहून मोठी झाल्यावरच भित्तीवर स्थिरावते. त्यामुळे इतका चिमुकला मासा बॅनरफिशचा असण्याचीच शक्यता अधिक. याच लांबलेल्या प्रवासी अवस्थेमुळे ही जाती पूर्व आफ्रिकेपासून हवाई बेटांपर्यंत आणि पुढे कॅलिफोर्नियाच्या आखाताच्या दक्षिण भागापासून पेरूपर्यंत पसरली, असे मानले जाते. अटलांटिकच्या प्रवाळभित्ती मात्र तिचे नैसर्गिक घर नाहीत.

अधिवासाबद्दलची चूक म्हणजे हा मासा केवळ नितळ पाण्यातील रंगीबेरंगी प्रवाळातच शोधणे. तो गढूळ लगूनमध्ये (भित्तीआडच्या उथळ पाण्यात), उथळ भित्तीच्या सपाटीवर आणि खडकाळ तळाशीही आढळतो. साधारण ३ मीटरपासून १८० मीटर खोलीपर्यंतच्या त्याच्या नोंदी आहेत. लांब तोंड खडकांच्या फटीत घालून तो स्पंज आणि इतर लहान जीव टिपतो, त्यामुळे फटी, कपारी आणि ओव्हरहँग (पुढे झुकलेले खडक) असलेली जागा पाहिली तर तो सापडण्याची शक्यता वाढते.

थव्यावरून ओळख ठरवणेही धोक्याचे आहे. आयडॉल बहुधा दोन-तीनच्या गटात फिरतात, पण कधीकधी मोठे थवेही करतात. बॅनरफिशमध्येही जातीनुसार फरक आहे: हेनिओकस अक्युमिनाटस बहुधा जोडीने भित्तीजवळ राहतो, तर हेनिओकस डिफ्र्युटिस मोठ्या थव्याने तळापासून वर, मोकळ्या पाण्यात प्लवक (तरंगणारे सूक्ष्म जीव) खाताना दिसतो. या दोघांतला फरक दुरून ठरवू नये. स्पष्ट चित्र हाती असेल तर पाठीच्या पराचे (फिनचे) काटे मोजावेत. पहिल्यात ते सामान्यतः ११ असतात, दुसऱ्यात १२ किंवा १३.

रात्रीच्या डायव्हिंगमध्ये तळाशी निवांत थांबलेला, रंग मंदावलेला आयडॉल दिसला तर तो आजारी असल्याचा निष्कर्ष काढू नये. हा दिवसा वावरणारा मासा आहे आणि रात्री त्याचे रंग फिके पडतात. टॉर्चचा झोत त्याच्यावर रोखून धरण्याऐवजी बाजूच्या खडकावर ठेवला तरी तोंडाची नळी आणि शेपटीची किनार पुरेशी दिसते.