कॅट-आय निघतात, पट्टे सुटतात: या चुका टाळा

रस्त्याच्या कडेला निखळून पडलेला कॅट-आय, म्हणजे रात्री दिव्यात चमकणारा रस्त्यावरचा स्टड, दिसला की मी गाडी थांबवतो, तो उचलतो आणि आधी उलटा करतो. घरचे हसून दमले, आता सोडून दिलंय त्यांनी. पण काय चुकलं ते सगळं त्या बुडावर असतं. गोंदाला पिठात घोळल्यासारखी काळी धूळ लागलेली असेल, तर रस्ता नीट झाडलाच नव्हता. गोंदाबरोबर डांबर-खडीचा लचकाच निघून आला असेल, तर गोंद रस्त्यापेक्षा कडक होता. गोंद रस्त्यावर आणि बूड कोरं, म्हणजे गोंद ओढत, म्हणजे घट्ट होत, आल्यावर स्टड टेकवला. नखानं दाबून खड्डा पडला, तर रेझिन-हार्डनरचं, म्हणजे गोंदाच्या दोन डब्यांचं, माप बिघडलंय. हे न बघता लोक मला फोनवर विचारतात, "भाऊ, कोणता गोंद चांगला?"

गोंदाचं तर एका वाक्यात सांगतो. काँक्रीटवर दोन डब्यांचा इपॉक्सी, डांबरावर गरम करून ओतायचा बिटुमिनस गोंद. डांबर उन्हात सैल होतं, थंडीत आवळतं. बिटुमिनस गोंद त्याच्याबरोबर हलतो, इपॉक्सी हलत नाही. मग चाकाचा दणका बसला की इपॉक्सी स्वतः तुटत नाही, खालचं डांबर सोबत घेऊन निघतो. तरी डांबरावर सर्रास इपॉक्सीच वापरतात, कारण शेगडी-भांड्याची कटकट नको असते. ज्या माणसानं कॅट-आय शोधला, त्या पर्सी शॉनं 1934 मध्ये पेटंट घेतलं तेव्हा गोंदावर भिस्त ठेवलीच नव्हती. रबरात बसवलेले काचेचे डोळे, ते बिडाच्या चौकटीत, आणि चौकट रस्त्यात खड्डा करून गाडलेली. आपण प्लास्टिकचा स्टड वरून चिकटवतो, तेव्हा सगळा भार गोंदावरच येतो.

आता बादलीची गोष्ट. पारोळ्याच्या बाजूला काँक्रीटच्या रस्त्यावर काम होतं, मे महिना, सकाळचे अकरा. आमच्याकडे येणाऱ्या इपॉक्सीत एक डबा पांढरा, एक काळा. निम्मे-निम्मे घेऊन एकसारखा राखाडी रंग येईपर्यंत घोटायचे, एकही रेघ दिसता कामा नये. नव्या पोराला सारखं घोटायचा कंटाळा आला. त्यानं चार किलो माल एकदम बादलीत कालवला. इपॉक्सी घट्ट होताना स्वतःच तापतो. पातळ पसरला तर ती उष्णता निघून जाते, बादलीत ढीग केला तर आतच कोंडते, मग माल आणखी भराभर घट्ट होतो. त्यात आपलं खान्देशी ऊन. सातवा-आठवा स्टड बसतोय तोच पोरगं ओरडलं, "नाना, बादलीमा धूर निंघी राह्यना!" बादलीचं बूड लोंबलं होतं.

बादली गेली त्याचं दुःख नाही. धूर येण्याआधी दुसऱ्या पोरानं, माल वाया जाऊ नये म्हणून, त्यातलाच ओढत आलेला गोंद थापीनं काढून पुढचे वीस स्टड पायानं दाबून बसवले होते. संध्याकाळी रांग सुतात दिसत होती, मीही मान डोलावली. आठ दिवसांत केळीच्या ट्रकांनी वीसच्या वीस उडवले. उलटे केले तर गोंदावर काँक्रीटचा खरखरीतपणा उठलाच नव्हता, वर नुसता साय आल्यासारखा गुळगुळीत थर. गोंद रस्त्याला टेकला होता, मुरला नव्हता. ते स्टड माझ्या खिशातून परत बसवले. बादलीच्या आकाराचा तो गोळा अजून गोडाऊनचं दार अडवायला ठेवलाय.

तेव्हापासून दहा स्टडांपुरताच माल, तोही पत्र्याच्या तुकड्यावर पसरून. डबे सावलीत. मे महिन्यात काम सहा ते नऊ, नंतर चहा आणि घर. डिसेंबरात उलट. दहिवर वाळल्याशिवाय डबा उघडायचा नाही. शंका असेल तर रस्त्यावर प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटवून पंधरा मिनिटं ठेवा. आतून थेंब धरले तर गप्प बसा.

दुसरं दुखणं थर्मोप्लास्टिकच्या पट्ट्याचं, म्हणजे माल वितळवून रस्त्यावर ओढतात त्या पट्ट्याचं. डांबरावर गरम माल पडला की खालचं डांबर जरासं वितळतं आणि दोघं एकजीव होतात. काँक्रीट वितळत नाही, म्हणून तिथे प्रायमर, म्हणजे पट्टा धरून ठेवणारा खालचा पातळ हात, लागतोच. नव्या काँक्रीटवर क्युरिंग कंपाउंडचा (पाणी उडू नये म्हणून फवारतात त्याचा) पापुद्रा असतो, तो वायर ब्रशनं किंवा घासून काढल्याशिवाय प्रायमरही काही धरत नाही. प्रायमर ओला असताना पट्टा ओढला तर वाफ अडकून फोड येतात. "प्रायमर दिसतो कुठं?" असं म्हणून तो वाचवणारे भेटतात. पहिल्या पावसाळ्यात पट्टा पापडासारखा सुटतो, तेव्हा बरोबर दिसतो.

काळ्या मातीचं वेगळं सांगायला हवं. शेतातून निघालेला ट्रॅक्टर चाकाला ओली माती घेऊन रस्त्यावर येतो. ती वाळली की झाडूनं वरची जाते, खडीच्या खाचेतली राहते. आधी ब्रश, मग ब्लोअर, मग तळहात फिरवून बघणं. हात काळा झाला तर पुन्हा. पाण्यानं धुतलं तर दुसऱ्या दिवशी काम.

पट्ट्याच्या मालाचं तापमान 180 ते 200 अंश सेल्सिअसमध्ये ठेवा. बॉयलर लवकर चढावा म्हणून गॅस सोडून देणाऱ्यांचा पिवळा माल भाजलेल्या बिस्किटाच्या रंगाचा होतो आणि ठिसूळही. कालचा उरलेला माल रोज तापवत राहिलात तरी तेच.

जाडी चोरली की नाही ते पोती मोजून कळतं. अडीच मिलिमीटर जाडीला चौरस मीटरला साधारण पाच किलो माल जातो; म्हणजे 25 किलोच्या पोत्यात दहा सेंटिमीटर रुंद पट्टा पन्नास मीटर. कोणी सत्तर मीटर काढून दाखवला तर त्याचं कौतुक करू नका.

रात्री पट्टा चमकावा म्हणून टाकायचे काचेचे मणी पट्टा गरम असतानाच पडले पाहिजेत. गार झाल्यावर टाकलेले मणी वाऱ्यावर जातात.

सुटायला आलेल्या जुन्या पट्ट्यावर नवा ओढू नका.

नव्या डांबरावर निदान दोन आठवडे थांबा, तेल वर येत असतं. उद्या उद्घाटन आहे हे डांबराला माहीत नसतं.

आणि पट्ट्याऐवजी लावायची तयार चिकट टेप. कागद सोला, चिकटवा, झालं, असं समजून वर रोलर न फिरवणारे मला दर जूनमध्ये फोटो पाठवतात: टेप अर्धी उठलेली, टोक वाऱ्यावर फडफडतंय. पुढच्या वेळी फोटो पाठवताना ती टेप उलटी करून पाठवा.