ट्रॅक्टर आधी उलटा करून बघायचा

गोव्यातल्या साखळी गावात माझं ट्रॅक्टर आणि पॉवर टिलर दुरुस्तीचं गॅरेज आहे. गिऱ्हाईक ट्रॅक्टर घेऊन आलं की बॉनेट उघडायच्या आधी मी खाली वाकतो. कुठलं ऑइल सील गेलंय ते जमिनीवर पडलेले थेंबच सांगतात. छोटे मॉडेल ट्रॅक्टर जमवायला लागून अकरा वर्षं झाली, कपाटात आज त्रेसष्ट आहेत, आणि तिथेही हीच सवय कामाला आली. वरचा रंग कोणीही चकचकीत करतो, खरी गोष्ट पोटाखाली असते. हल्ली बरीच पोरं मला विचारतात, कुठून घ्यायचे, किती द्यायचे, विकायचे कसे. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे.

पहिली गोष्ट माप. १:१६ म्हणजे खऱ्याच्या सोळावा भाग. तीन मीटर लांबीचा ट्रॅक्टर या मापात साधारण १९ सेंटिमीटरचा होतो, १:३२ मध्ये साडेनऊ सेंटिमीटरचा, आणि १:६४ मध्ये पाचापेक्षाही कमी. अमेरिकेत १:१६ आणि १:६४ फार चालतं, तिथली अर्टल कंपनी त्यासाठी नावाजलेली. फ्रेड अर्टल यांनी १९४५ मध्ये घरच्या भट्टीत विमानांचे जुने ॲल्युमिनियमचे पिस्टन वितळवून ट्रॅक्टर ओतायला सुरुवात केली होती. मी स्वतः पिस्टन हाताळणारा माणूस, त्यामुळे ही गोष्ट मला फार जवळची वाटते. युरोपात १:३२ चं राज्य: इंग्लंडची ब्रिटन्स, जर्मनीची सिकू, शिवाय युनिव्हर्सल हॉबीज. सुरुवात करणाऱ्याने १:३२ धरावं. एका फळीवर पंधरा-वीस मावतात आणि स्टिअरिंग, लिंकेज (मागचे अवजार जोडायचे दांडे), पीटीओ (अवजाराला ताकद देणारा मागचा फिरता दांडा) डोळ्यांना दिसतात. तीनही मापं एकत्र घेत सुटलात तर कपाट दुकानासारखं दिसेल.

दुसरं, विषय ठरवा. माझा विषय मॅसी फर्ग्युसन कंपनीचे ट्रॅक्टर. सत्तरी तालुक्यात आमच्या वडिलांनी लोकांच्या शेतात भाड्याने मॅसी १०३५ चालवला, सरदीला (पावसाळी भाताला) चिखलणी आणि वायंगणीला (उन्हाळी भाताला) परत चिखलणी. मला त्याचंच मॉडेल हवं होतं. शोधताना कळलं की आपला १०३५ हा मॅसी फर्ग्युसन ३५ च्या घराण्यातला, आणि ३५ चं सुंदर मॉडेल युनिव्हर्सल हॉबीजने केलेलं आहे. खऱ्या ३५ ला आधी चार सिलिंडरचं इंजिन होतं, १९५९ पासून पर्किन्सचं तीन सिलिंडरचं आलं. आमच्या १०३५ ला सिंपसनचं तीन सिलिंडरचंच. म्हणून मॉडेल घेताना मी तीनवालंच घेतलं. असं खरं यंत्र माहीत असलं की खरेदीत चूक कमी होते. ज्याने कधी ट्रॅक्टर जवळून बघितला नाही त्याने आधी एखाद्या गॅरेजमध्ये दोन तास बसावं, चहा मी पाजतो.

गोव्यात एक फायदा आहे, तो बाहेरच्यांना नाही. इथल्या जुन्या घरांत तारवटी (बोटीवर काम करणाऱ्या) लोकांनी आणि आफ्रिकेत नोकऱ्या केलेल्यांनी आणलेली इंग्रजी खेळणी अजून सापडतात. म्हापशाजवळच्या एका घरी मी पॉवर टिलर दुरुस्त करायला गेलो होतो. काम आटोपल्यावर तिथल्या म्हाताऱ्या आंटीने काचेच्या कपाटातून एक लाल ट्रॅक्टर काढून दाखवला. डिंकी या इंग्रजी खेळण्यांच्या कंपनीचा मॅसी-हॅरिस. लाल अंग, पिवळ्या रिम, सीटवर मातकट रंगाचा ड्रायव्हर. तिचा नवरा नैरोबीला होता, त्याने मुलासाठी आणलेला. मी तो हातात घेतला आणि सवयीने उलटा केला. पोटाखाली ओतीव अक्षरं स्पष्ट, आसाची (ॲक्सलची) टोकं कधीच न उघडलेली, आणि मागच्या हुकाच्या कडेला रंग झिजून राखाडी धातू दिसत होता, कारण कुठल्यातरी मुलाने त्याला नांगर जोडून तो वर्षानुवर्षं ओढला होता. तो झिजलेला कोपरा मला सगळ्यात जास्त आवडला. त्या दिवशी मी विकत मागितला नाही. दोन वर्षांनी तिनेच फोन करून बोलावलं आणि देताना म्हणाली, "भुरग्यांक दिवं नाका." म्हणजे मुलांना देऊ नका. अजून दिलेला नाही.

हा ट्रॅक्टर डिंकीने लिव्हरपूलला १९४८ पासून केला. आधी त्याचा नंबर २७ए होता, १९५४ मध्ये ३०० झाला. तुमच्या हातातल्या गाडीवर नाव, चाकं, खोका आणि नंबर हे सगळं एकाच काळातलं आहे का, हे ताडून बघायला असे तपशील लागतात. जुन्या गाडीला नव्या काळातला खोका जोडून भाव वाढवणारे असतात.

आता ऑनलाइन खरेदी. सुरुवातीला मी मॅचबॉक्स कंपनीचा एक ट्रॅक्टर घेतला, ७२ नंबरचा निळा फोर्डसन, जेमतेम दोन इंचाचा. चार फोटो होते, चारही वरून. रंग आरशासारखा. पार्सल उघडून गाडी उलटी केली आणि माझ्या पोटात खड्डा पडला. आसाच्या टोकांवर अंगाचाच निळा रंग चढलेला. कारखान्यात अंग आधी रंगवतात, आस आणि चाकं नंतर बसतात, त्यामुळे आसावर अंगाचा रंग असूच शकत नाही. खालच्या अक्षरांच्या खाचाही रंगाने बुजल्या होत्या. नवा रंग मारलेली गाडी मूळची म्हणून मला विकली होती. विकणाऱ्याने नंतर फोनच उचलला नाही.

तेव्हापासून पैसे देण्याआधी मी पाच फोटो मागतो: पोट, दोन्ही बाजूंची आसाची टोकं, चाकं आणि रबर जवळून, स्टिअरिंग व एक्झॉस्ट पाइप, आणि खोक्याच्या चारही कडा. एक्झॉस्ट आणि स्टिअरिंग सगळ्यात आधी तुटतात, आणि लोक सर्रास नवे सुटे भाग बसवतात. बसवलेले असले तरी हरकत नाही, फक्त तसं सांगायला हवं आणि भाव तसा लागायला हवा. फोटो देण्याची टाळाटाळ झाली तर मी सोडून देतो.

धातूवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसल्या किंवा अंग फुगलेलं वाटलं तर घेऊच नका. जस्ताच्या ओतकामात शिसं मिसळलं गेलं की धातू आतून कुजत जातो, दमटपणात लवकर. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या गाड्यांत हे जास्त. त्यावर इलाज नाही.

भाव बघताना मागितलेली किंमत बघू नका. ईबेवर विकल्या गेलेल्या वस्तूंचा वेगळा फिल्टर आहे, तो लावा. एकच ट्रॅक्टर कोणी दुप्पट किमतीला वर्षभर लावून ठेवलेला असतो आणि तीन जण निम्म्याला विकून मोकळे झालेले असतात. परदेशातून मागवत असाल तर कर आधी मोजा. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. दर बदलत राहतात, म्हणून मागवायच्या दिवशीचा दर बघायचा, आणि तो पाठवणीचा खर्च धरून लागतो हे विसरायचं नाही. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झाला. परदेशी मॉडेलवर तो सहसा नसतो आणि पार्सल अडकू शकतं. मी आता परदेशातून वर्षाला एखादाच घेतो, बाकी देशातल्याच संग्राहकांकडून.

आपल्या हवेत गाडी सांभाळणं हे घेण्यापेक्षा अवघड. पहिल्याच पावसाळ्यात मी कपाटात कपड्यांच्या ठेवतात तशा डांबराच्या गोळ्या टाकल्या. चवथीला (गणेश चतुर्थीला) कपाट उघडलं तर दोन प्लॅस्टिकच्या ट्रॅक्टरांचे मडगार्ड मऊ पडून चिकट झाले होते. त्या गोळ्यांच्या वाफेने काही जातींचं प्लॅस्टिक विरघळतं. त्या जागी आता ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो, जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी बदलतो. बबल रॅप थेट रंगाला लावून ठेवू नका, उकाड्यात त्याचे गोल डाग रंगावर कायमचे उठतात. मध्ये पातळ आम्लरहित कागद हवा. खोके वेगळे, कोरड्या जागी. धूळ मऊ ब्रशने काढा, फारच मळलेली असेल तर कोमट पाणी आणि सौम्य साबण, पण कागदी स्टिकरला पाणी लागू देऊ नका. गंजलेल्या आसाला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरे, रबराला तो लागता कामा नये. आणि कृपा करून रंग मारू नका. झिजलेला मूळ रंग नव्या रंगापेक्षा जास्त मोलाचा असतो.

विकताना मी सगळ्यात पहिला फोटो पोटाचा लावतो. सकाळी नऊच्या सुमारास पडवीत, पांढऱ्या कागदावर, शेजारी पट्टी ठेवून. वर्णनात दोष आधी लिहितो: "डाव्या मागच्या रिमवर रंगाचा टवका, ड्रायव्हर बदललेला, खोका नाही." असं लिहिल्याने गिऱ्हाईक पळतं असं लोकांना वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. त्याच माणसांनी परत परत घेतलं, आणि त्यांच्याकडचे दुर्मीळ ट्रॅक्टर विकायला काढले की मला आधी सांगितलं.

पैशांच्या बाबतीत सावध. लष्करात आहे, बदली झालीय, घासाघीस न करता लगेच घेतो म्हणणारे फोन येतात, आणि पैसे पाठवायला क्यूआर कोड पाठवतात. पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही, पिनही लागत नाही. पिन टाकला की तुमचेच जातात. गेलेच तर त्याच घटकेला सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा. बँकेत रक्कम जमा झालेली स्वतः बघितल्याशिवाय मी पार्सल बांधत नाही, स्क्रीनशॉटवर तर मुळीच नाही.

बांधताना आधी एक्झॉस्टभोवती कापसाची गुंडाळी, मग कागद, मग बबल रॅप, मग छोटा खोका, आणि तो मोठ्या खोक्यात चारी बाजूंनी कागद ठासून. हलवून बघा, आत आवाज यायला नको. कुरिअरवाले आकारमानाचंही वजन धरतात, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये भागिले बहुधा ५००० म्हणजे किलो, म्हणून खोका उगाच मोठा घेऊ नका आणि भाव सांगायच्या आधी मोजून ठेवा. बांधतानाचा व्हिडिओ काढा. जुलैत मी महागडी गाडी पाठवतच नाही. गिऱ्हाइकाला सांगतो, चवथ होऊ दे, पाऊस ओसरला की बांधतो. आजवर एकानेही नाही म्हटलेलं नाही.