फ्लाय फिशिंगला निघण्यापूर्वी: मासेमारी परवान्याची तयारी

फ्लाय फिशिंग म्हणजे किड्यासारख्या दिसणाऱ्या कृत्रिम आमिषाने, म्हणजे ‘फ्लाय’ने, केलेली मासेमारी. तिच्या परवान्याचा अर्ज उघडण्याआधी नकाशा उघडावा, ही या यादीतली पहिली नोंद आहे. आपण ज्या नदीवर उतरणार आहोत तिचे नाव, तिचा नेमका टप्पा आणि त्या टप्प्यावर अधिकार कोणाचा, या तीन गोष्टी कागदावर लिहून काढल्याशिवाय पैसे भरू नयेत. कारण एकच नदी थोड्याशा अंतरात राज्याच्या हद्दीतून राष्ट्रीय उद्यानात आणि तेथून खासगी जमिनीत शिरते आणि प्रत्येक ठिकाणी मागितला जाणारा कागद निराळा असतो. अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात भोवतालच्या राज्यांचा परवाना चालत नाही, तेथे उद्यानाचाच घ्यावा लागतो. न्यूझीलंडमध्ये ट्राउट या माशासाठीचा ‘फिश अँड गेम’ या संस्थेचा परवाना देशाच्या बहुतेक भागात चालतो, मात्र टाउपो परिसरासाठी वेगळा परवाना काढावा लागतो, आणि ट्राउटवाल्यांना दुरून ओढून आणणारी टोंगारिरो नदी नेमकी याच परिसरात आहे.

दुसरी नोंद परवाना आणि परवानगी यांतील फरकाची, आणि नवख्या माणसाचा गोंधळ सर्वाधिक येथेच होतो. सरकारी परवाना आपल्याला मासेमारी करण्याचा हक्क देतो. अमुक एका काठावर उभे राहण्याचा हक्क तो देतोच असे नाही. इंग्लंडमध्ये गळ टाकण्यासाठी सरकारी परवाना लागतो आणि त्यावर पाण्याच्या मालकाची किंवा तेथील क्लबची परवानगीही लागते. स्कॉटलंडच्या बहुतांश भागात असा सरकारी परवानाच नाही, पण म्हणून तेथे मोकळे रान आहे असे समजू नये, कारण परवानगी तेथेही लागतेच, शिवाय रविवारी सॅमन या माशाची मासेमारी कायद्याने बंद असते. चांगल्या टप्प्यांवर दिवसाला मोजक्याच मासेमारांना जागा मिळते, म्हणून माझ्या मते आधी टप्प्याची परवानगी आणि तारीख पक्की करावी आणि मगच त्या तारखेचा परवाना काढावा. उलट क्रमाने गेल्यास हातात परवाना आणि समोर बंद फाटक, अशी वेळ येऊ शकते.

यानंतर आपल्यासोबत कोण येणार आहे, हे पाहावे. वयाची अट प्रत्येक ठिकाणी वेगळी असते. इंग्लंडमध्ये १३ वर्षांखालील मुलांना परवाना लागत नाही. १३ ते १६ वर्षांच्या मुलांना तो मोफत मिळतो, पण काढावा मात्र लागतो, आणि ‘मोफत’ याचा अर्थ ‘नकोच’ असा करून घेणारे पालक या ठिकाणी चुकतात. जर्मनीत मासेमारीचा परवाना साधारणपणे परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरच मिळतो. काही राज्यांनी पाहुण्यांसाठी सवलत ठेवली आहे. ती आपल्याला लागू होते की नाही, हे तिकिटे काढण्यापूर्वी तपासावे.

आता अर्ज. ओळखपत्रावर नाव जसे आहे तसेच, त्याच क्रमाने लिहावे. स्थानिक रहिवासी आणि बाहेरचा, असे दोन वर्ग बहुधा असतात आणि रहिवाशाचे शुल्क कमी असते. रहिवासी कोणाला म्हणावे याची व्याख्या कायद्यात दिलेली असते आणि तेथे चुकीची खूण करणे हा गुन्हा ठरू शकतो. मुदत निवडताना ‘वार्षिक’ या शब्दावर विसंबू नये. इंग्लंडचा वार्षिक परवाना सुरू झाल्यापासून बारा महिने चालतो, तर अमेरिकेतील मोंटाना राज्याचे परवाना-वर्ष १ मार्चला सुरू होऊन पुढच्या फेब्रुवारीअखेर संपते, म्हणजे तेथे जानेवारीत घेतलेला ‘वार्षिक’ परवाना दोन महिनेही टिकत नाही. मूळ परवान्याशिवाय आणखी काही जोडावे लागते का, हेही त्याच बैठकीत पाहावे. मोंटानात संवर्धनाचा परवाना आणि घुसखोर जलचरांना रोखण्यासाठीचा पास घेतल्यावरच मासेमारीचा परवाना मिळतो. इंग्लंडमध्ये ट्राउटच्या परवान्यावर सॅमन पकडता येत नाही.

परवाना हाती आला की काम संपले असे वाटते, पण त्याच्यासोबतची नियमपुस्तिका वाचणे हा या तयारीचा अर्धा भाग आहे आणि तिला एक निवांत संध्याकाळ द्यावी. माशांच्या विणीच्या काळात कोणता टप्पा बंद असतो, कोठे केवळ फ्लाय चालते, एका दोरावर किती फ्लाय बांधता येतात, किती लांबीचा मासा ठेवता येतो आणि कोणता लगेच सोडावा लागतो, हे सगळे तिच्यात असते. काही पाण्यांवर उलट्या काट्याचा गळ चालत नाही. यलोस्टोनमध्ये तशी अट आहे. अशा वेळी नवे गळ विकत घेण्याची गरज नसते. फ्लाय पकडीच्या तोंडात धरून टोकामागचा तो बारीक काटा हलक्या हाताने दाबून सपाट करावा आणि मग गळ सुती कापडात टोचून मागे ओढून पाहावा; धागा न ओढता तो अलगद सुटला, तर काटा नीट सपाट झाला, आणि गळ अडकला तर काटा पुन्हा दाबावा. हे काम घरी, दिव्याखाली करावे, कारण गार पाण्यात बधिर झालेल्या बोटांनी बारा नंबरची फ्लाय नीट धरतादेखील येत नाही.

बुटांचीही चौकशी याच पुस्तिकेत करावी. निसरड्या दगडांवर घट्ट पकड देणारे फेल्टचे, म्हणजे दाबून केलेल्या जाड कापडाचे, तळवे न्यूझीलंडमध्ये आणि यलोस्टोनमध्ये निषिद्ध आहेत, कारण फेल्ट कित्येक दिवस ओलसर राहते आणि त्यातून सूक्ष्म जीव एका नदीतून दुसरीत जातात. न्यूझीलंडमध्ये २००४ साली डिडिमो हे शेवाळ आढळल्यापासून ही बाब तेथे फार गंभीरपणे घेतली जाते. जुने फेल्टचे बूट असतील तर रबरी तळव्यांची सोय निघण्याआधीच करावी, आणि वेडर (पाण्यात उतरताना घालायची जलरोधक विजार), बूट व जाळी धुऊन पूर्ण वाळवूनच भरावी.

परवान्याची प्रत मोबाइलमध्ये असली तरी कागदावरही घ्यावी. एकदा एका खोल दरीत तपासनीस समोर उभे असताना माझा परवाना ईमेलमध्येच राहिला होता आणि नेटवर्क मिळेपर्यंत मला वेडरसकट चढण चढावी लागली. ते गृहस्थ शांतपणे दगडावर बसून राहिले, हे माझे नशीब. तेव्हापासून छापील प्रत पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, ओळखपत्रासोबत, जॅकेटच्या वरच्या खिशात असते. त्याच पिशवीत एक शाईचे पेन ठेवावे. अलास्कात वार्षिक मर्यादा असलेला मासा ठेवला की त्याची नोंद तेथल्या तेथे शाईने करावी लागते, पेन्सिल चालत नाही. लांबी मोजण्यासाठी टेपही हवी, आणि ती थूथनापासून शेपटीच्या टोकापर्यंत लावायची की शेपटीच्या बेचक्यापर्यंत, हे पुस्तिकेतून आधीच टिपून ठेवावे.

शेवटची नोंद परतल्यानंतरची असली, तरी तिची तारीख निघण्यापूर्वीच दिनदर्शिकेत लिहावी. काही परवान्यांसोबत पकडलेल्या माशांचा हिशेब कळवण्याचे बंधन असते. इंग्लंडमध्ये सॅमनचा परवाना घेणाऱ्याला तो द्यावाच लागतो, आणि सगळा हंगाम पाण्यात उभे राहून एकही मासा लागला नसेल, तरी शून्य लिहून पाठवावे लागते.