टीममधलं भांडण मिटवताय? या चुका टाळा

मे महिन्यात सोलापुरातल्या कुठल्याही युनिफॉर्मच्या कारखान्यात डोकावा. बाहेर 42 डिग्री, आत शाळांच्या ऑर्डरी आणि रोज एक तरी वाद. मला भांडणांचं काही वाटत नाही, माणसं एकत्र आली की ती व्हायचीच. ती मिटवायला जाऊन लोक जे करून ठेवतात, त्याचा त्रास होतो.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे घाईघाईनं समेट घडवणं. आमच्याकडे कटिंग मास्तर आणि शिलाईच्या लाइनवरच्या अक्का यांचं वाजलं होतं. शर्टाची बाही एका छटेची, पाठ दुसऱ्या. "मास्तर, बंडलं तुम्ही मिसळायची आणि बोलणी आम्ही खायची?" "अक्का, आधी पोरींना बघून जोडायला शिकवा." साहेबांनी दोघांना सगळ्यांसमोर बोलावलं, सॉरी म्हणायला लावलं, चहा पाजला. झालं, मिटलं! तिसऱ्या दिवसापासून दोघांचं बोलणंच बंद. निरोप हेल्परच्या तोंडून जायला लागले आणि शेडिंगचे, म्हणजे छटा न जुळणारे, पीस दुप्पट झाले.

मग मी एक खराब शर्ट उलटा करून पाहिला. आत नंबरचा स्टिकरच नव्हता. कटिंगला कापडाचे थरावर थर अंथरतात, प्रत्येक ताग्याचा रंग किंचित वेगळा असतो. म्हणून एका थरातल्या सगळ्या तुकड्यांना एकच नंबर लावायचा आणि शिवताना नंबर बघूनच जोडायचं. वेळ वाचवायला ऑफिसनं आठवडाभर नंबर लावणं थांबवलं होतं. मास्तरांना तसं सांगितलं, अक्कांना कुणी सांगितलंच नाही! स्टिकर पुन्हा सुरू केले. दोन दिवसांनी मास्तर स्वतः लाइनवर आले, "अक्का, हे बंडल दुसऱ्या ताग्याचं आहे, वेगळं ठेवा."

तेव्हापासून मी आधी माल बघतो, मग माणसं. दोघांना वेगवेगळं बसवतो. "कुणाचं चुकलं?" असं विचारत नाही, "त्या दिवशी काय काय झालं?" एवढंच. सांगतील ते वहीत लिहितो आणि त्यांनाच वाचून दाखवतो. निम्मा राग तिथंच उतरतो. याला माणशी अर्धा तास लागतो. नवीन सुपरवायझरांना तेवढा धीर नसतो, त्यांना पाच मिनिटांची युक्ती हवी असते. तशी युक्ती नाही.

दुसरी खास इथली चूक: "मराठीत बोला" म्हणून दटावणं. आपल्याकडे कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या कन्नड, कुणाच्या उर्दू. माणूस चिडल्यावर आईच्याच भाषेत बोलतो. बोलू द्या, आणि ती भाषा कळणारं, दोघांनाही चालेल असं कुणीतरी शेजारी बसवा.

व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणाची चूक काढू नका. शिफ्ट बदलून प्रश्न सुटला असं समजू नका. एकाचंच ऐकून निकाल तर मुळीच देऊ नका.

आणि एक गोष्ट कधीच करू नका. बाईनं लैंगिक छळाची तक्रार केली तर "आपसात मिटवा" म्हणू नका. ते भांडण नव्हे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानं 10 किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती लागतेच. समेटाचा प्रयत्न फक्त तिनं स्वतः मागितला तरच होतो, आणि पैसे देऊन तर तो करताच येत नाही. तक्रारीची मुदत साधारण 3 महिन्यांची असते, म्हणून "सीझन संपू दे, मग बघू" असं सांगून तिला थांबवू नका. तिला लिहायला मदत करा आणि तो कागद त्याच दिवशी समितीकडे पोचवा.