रेझिनमध्ये जर्मन प्यूमा बनवताय? या चुका टाळा

स्केल मॉडेलिंगमध्ये प्लास्टिकचे दोन-चार टँक जोडून झाले की माणूस हमखास रेझिनकडे, म्हणजे साच्यात ओतून बनवलेल्या पार्टच्या किटकडे वळतो आणि जर्मन गाड्यांमध्ये बऱ्याच जणांचा जीव अडकलेला असतो तो आठ चाकांच्या प्यूमात, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या एसडीकेएफझेड 234/2 या चिलखती गाडीत. खाली 1/35 चं, म्हणजे खऱ्या गाडीच्या पस्तिसाव्या भागाएवढं किट धरून सांगतोय.

आधी पार्ट धुवा. मोल्डमधून पार्ट सुटावा म्हणून मारलेलं रिलीज एजंट डोळ्यांना दिसत नाही, पण प्रायमरवरून (रंगाआधीच्या पहिल्या थरावरून) मास्किंग टेप ओढली की रंगाची सालपटं टेपबरोबरच येतात आणि मग लोक प्रायमरला शिव्या घालत बसतात. भांडी घासायचं लिक्विड, कोमट पाणी, जुना टूथब्रश, एवढं पुरतं. रंग सुटायला लागलाच असेल तर वरून दुसरा कोट मारून उपयोग नाही, सगळा काढायचा, धुवायचं आणि परत पहिल्यापासून.

प्लास्टिक सिमेंट इथे बाद, ते पॉलिस्टायरीन विरघळवून जोडतं, रेझिनला त्याने काहीच होत नाही. सुपरग्लू नाहीतर इपॉक्सी. फेविक्विकसारखा पातळ ग्लू फटीत मस्त धावतो पण पार्ट हलवायला वेळ देत नाही, म्हणून मोठ्या जोडांना जेल वापरा. रेझिनमधल्या हवेच्या बबलची भोकं सुपरग्लू आणि खायच्या सोड्याने भरली तर लगेच घासा, उशीर केलात तर सोडा दगडासारखा होतो आणि आजूबाजूचं रेझिनच आधी झिजतं. कास्टिंग ब्लॉक, म्हणजे पार्टला चिकटून आलेला रेझिनचा जादा ठोकळा, निपरने तोडू नका, पार्टचा टवका निघतो. रेझर सॉने जरा लांबून कापा, उरलेलं पाण्यात घासा, आणि मास्क लावाच, ती धूळ छातीत जाऊ द्यायची नाही.

आता खरी डोकेदुखी, आठ चाकं. हल (गाडीचं मुख्य धड) किंवा ॲक्सल जरासा जरी वाकडा असला तरी दोन-तीन चाकं हवेत तरंगतात. वाकलेला पार्ट चांगल्या गरम, पण उकळत्या नव्हे, अशा पाण्यात मिनिटभर ठेवा, सपाट काचेवर दाबून सरळ करा आणि तसाच धरून गार पाणी ओता. मग कोपऱ्यातली चार चाकं आधी बसवा, ती सेट झाली की मधली चार इपॉक्सीने, गाडी काचेवर ठेवूनच, म्हणजे चाक आपोआप जमिनीला टेकूनच पकडतं. पिनचं भोक किंचित मोठं पाडलं तर ॲडजस्ट करायला जागा मिळते. आणि चाकं वळवून दाखवायची असतील तर फक्त पुढची वळवू नका, या गाडीची आठही चाकं वळतात, पुढची चार डावीकडे तर मागची चार उजवीकडे. डायोरामात, म्हणजे मॉडेल मांडून केलेल्या देखाव्यात, ही चूक भरपूर दिसते.

फेंडरची जाडी बघता का कधी? 1/35 ला एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या गाडीवर 35 मिलिमीटर, आणि प्यूमाचं पुढचं चिलखतच 30 चं होतं! पत्र्याचं फेंडर चिलखतापेक्षा जाड दिसतं ते यामुळे. पूर्ण पातळ करायची गरज नाही, फक्त दिसणारी कड आतून तिरकी घासा. तोफेची नळी वाकडी असेल तर सरळ करण्यात वेळ न घालवता मेटल बॅरल घ्या. तोफ 50 मिलिमीटरची, म्हणजे तोंडाचं भोक साधारण 1.4 मिलिमीटर.

पावसाळ्यात मुंबई-कोकणात सुपरग्लूच्या जोडाभोवती पांढरी बुरशीसारखी झाक येते आणि मॅट व्हार्निश दुधाळ होतं. हवा खेळती ठेवा, धो धो पाऊस असताना व्हार्निश मारू नका, आलेली झाक बऱ्याचदा ग्लॉस कोटने जाते.

रंगाची चूक मात्र जाणकारांच्या लगेच नजरेत भरते. जर्मन गाडी म्हणजे ग्रे, असं धरून प्यूमाला पँझर ग्रे मारतात. प्यूमा बनायला लागला सप्टेंबर 1943 मध्ये, आणि डार्क यलो बेस कलर करायचा आदेश फेब्रुवारी 1943 मध्येच निघाला होता, म्हणजे ग्रे प्यूमाचा प्रश्नच येत नाही. पिवळ्यावर हिरवे-तपकिरी पट्टे चालतात, त्या रंगांची पेस्ट युनिटवाले पाण्यात नाहीतर पेट्रोलमध्ये कालवून मारायचे, त्यामुळे पट्टे कमी-जास्त गडद असले तर उलट बरंच. आणि झिमेरिट, म्हणजे मॅग्नेटिक माइन चिकटू नये म्हणून टँकवर लावायचा तो खडबडीत लेप, प्यूमावर काढत बसू नका, पुट्टी पुढच्या टायगर टँकसाठी ठेवा.